कातीण फिरली, त्याची सविस्तर हकिकत

गोडोली, सातारा
गुरुवार, घट बसायला सहा दिवस बाकी

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या भाऊसोचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होतो, पण सध्या माझी मान खाली वाकत नाही (का, ते पुढे येईलच), त्यामुळे या खेपेला ताठ मानेनं घातलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढल्यापासून तुला लांबच्या डोंगरावरची शेरडं मोजता येतात, पण हातातलं अक्षर लागत नाही, असं दाजी म्हणाले होते. म्हणजे हे पत्र दाजीच तुला वाचून दाखवणार, हे मी धरून चाललो आहे. दाजी, तुम्हालाही नमस्कार. पत्रात मधेमधे कंसातला मजकूर लागेल. त्यात तुमचं नाव दिसलं तर तो मोठ्यानं वाचायचा नाही. (दाजी, ही सूचनासुद्धा वाचायची नव्हती.) डाळिंबाला यंदा फळ कसं धरलं आहे? म्हैस व्यायली असेल तर रेडी की रेडा, तेही कळवणे.

तू म्हणशील, खिशात फोन असताना ह्याला पत्राची हुक्की कुठून आली. तर फोनचं असं आहे. मी फोन लावतो, तू उचलतेस, ‘बरं हाय’ म्हणतेस, ‘पोरगी बरी हाय न्हवं?’ विचारतेस, आणि फोन दाजींच्या हातात देतेस. दाजी मला आटपाडीचं हवामान सांगतात. मग मी त्यांना साताऱ्याचं सांगतो. तीन वर्षं हेच चाललंय. (दाजी, राग मानू नका. तुम्ही हवामान छान सांगता, पण मी तो फोन तुम्हाला केलेला नसतो.) पत्राचं बरं असतं. ते दुसऱ्याच्या हातात देऊन टाकलं तरी ऐकावं आपल्यालाच लागतं.

तीन वर्षं झाली आक्का, तुझा पाय आमच्या घराला लागलेला नाही. मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य मी पत्राच्या शेवटी घालणार होतो, पण शेवटापर्यंत जाईतो अंगात तेवढी हिंमत उरते न उरते, म्हणून इथंच लिहून मोकळा झालो. आता हकिकत ऐक.

पितृपक्ष सुरू झाला की आपल्याकडे घराघरांत दसरा काढतात, हे तुला मी काय सांगायचं. पद्मानं गेल्या शनिवारी सकाळी घरातल्या यच्चयावत वाकळा, चादरी, पडदे आणि पायपुसणी भिजत घातली, आणि मला माळ्यावर चढवलं. आमच्या टू बीएचकेचा माळा म्हणजे न्हाणीघराच्या डोक्यावरचं एक भोक. त्यात माणूस कमरेपर्यंत जातो आणि कमरेखालचा बाहेर लोंबतो. वर जुना पंखा, आपल्या अनीशची दहावीची गाईडं, नात वल्लरीचा पाळणा, फुटकी बादली (ही का ठेवली आहे हे पद्माला विचारायची सोय नाही) असा सगळा संसार होता, आणि त्याच्या पार मागे, भिंतीला टेकून, तुझं धोपाटणं होतं. दर वर्षी दसरा काढायला तू आलीस की ज्यानं वाकळा बडवायचीस, तेच. पद्माला मशीन आहे, पण मशीनमध्ये वाकळ मावत नाही आणि मावली तरी ती मशीनलाच बडवते. तू मागच्या गॅलरीत पदर खोचून बसायचीस, आणि धोपाटण्याचा आवाज खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. रिक्षावाले मला विचारायचे, काय साहेब, बहीण आली वाटतं? गेली तीन वर्षं त्यांनीही विचारलेलं नाही. मी त्या धोपाटण्याकडे बघत तिथं अर्धा आत, अर्धा बाहेर असा बराच वेळ राहिलो. खालून पद्मा विचारत होती, वर झोपलात का म्हणून.

शेवटी हात लांब करून मी ते ओढलं, आणि तिथंच घात झाला. धोपाटण्याच्या दांड्यावर एक कातीण बिऱ्हाड करून होती. (साताऱ्याच्या कॉलनीत तिला कोळी म्हणतात; म्हणेनात. आपल्या गावात ती कातीणच.) ती मनगटावरून कोपराला, कोपरावरून खांद्याला आणि तिथून कॉलरच्या आत अशी निघाली. माझ्या वरच्या अर्ध्यानं मानेवर थाप मारली आणि खालच्या अर्ध्यानं स्टुलाला लाथ मारली. स्टूल गेलं. मी लोंबत राहिलो. पद्मानं माझे पाय मिठीत धरले आणि लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी तिनं मला एवढं घट्ट कधी धरलं नव्हतं, हे माझ्या त्याही अवस्थेत लक्षात आलं. (दाजी, हे गाळा.)

दुपारपर्यंत मानेवर तांबडा पट्टा उठला, त्यावर मोहरीएवढे फोड आले आणि आग आग व्हायला लागली. कातीण फिरली, यावर बिल्डिंगमध्ये एकमत झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून कधी एकमत झालं नाही, पण कातिणीवर झालं. मग औषधं सुरू झाली. पद्मानं हळद आणि तूप एकत्र करून मानेपासून पाठीपर्यंत सारवलं. वरच्या मजल्यावरून आमचूर आला, तो पाण्यात कालवून हळदीवर लावला. समोरच्या दारातून कांद्याचा रस आला. कुणी म्हणालं तुळशीचा रस, कुणी म्हणालं तुळशीच्या मुळाची माती. मी कुणालाच नाही म्हणालो नाही. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस मी; आलेलं टपाल परत पाठवायचं नसतं, एवढंच शिकलो. चार वाजता भाजीवाली आली, तिनं माझा पिवळा गळा बघून पद्माला विचारलं, घरात कुणाचं लगीन हाय?

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारी आपले सुभेदार तानाजी आहेत. सैन्यातून सुटून बारा वर्षं झाली, पण सैन्य त्यांच्यातून अजून सुटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, विषावर लोखंड घासायचं. त्यांनी घरचं कुलूप आणून माझ्या मानेवर, हळद-आमचूर-कांद्याच्या वरून, पंधरा मिनिटं घासलं. गुण येईना तेव्हा ते विचारात पडले आणि म्हणाले, “भाऊसो, आसं न्हाई जमायचं. पयलं दुश्मनाची पोझिशन घ्याय पायजे. कातीण काळी हाय का भुरी, त्ये कळल्याबिगर विलाज चालायचा न्हाई.” मी म्हटलं, राहू द्या. पण तोपर्यंत त्यांनी बॅटरी घेतली, तुझं धोपाटणं घेतलं, स्टूल सरळ केलं, आणि ते माळ्यात शिरले. मला खाली स्टूल धरून उभं केलं, राखीव दल म्हणून.

कातीण सापडली नाही. माळ्याच्या मागच्या जाळीत गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं. सुभेदारांनी ते धोपाटण्यानं ठोकून बघितलं. (का ठोकलं, हे मी त्यांना नंतर तीनदा विचारलं. तीनदाही त्यांनी ‘रेकी’ एवढंच उत्तर दिलं.) पुढचं मी थोडक्यात सांगतो. माघारीचा हुकूम सुभेदारांनी दिला आणि तो सगळ्यांत आधी त्यांनीच पाळला, माझ्या अंगावरून. त्यांच्या कपाळावर एक आणि नाकाच्या शेंड्यावर एक असे दोन डंख, माझ्या उजव्या कानाच्या पाळीवर एक आणि हातावर एक. पद्मानं प्रसंगावधान राखून भिजत घातलेली वाकळ उचलली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावरून टाकली. ओल्या वाकळेचं वजन तुला ठाऊक आहे. माश्यांनी केलं नाही ते काम वाकळेनं केलं. मी आणि सुभेदार दोघेही न्हाणीघरात आडवे झालो.

गांधीलमाशीला चुना, हे लहान पोरालाही माहीत असतं. सगळी बिल्डिंग ‘चुना, चुना’ करायला लागली. पण हल्ली चुना ठेवतो कोण? पान खाणारे गेले, भिंतींना डिस्टेंपर आला. तेवढ्यात सुभेदार, डोळे मिटलेले, कण्हत, आपसूक आतल्या खिशात हात घालते झाले आणि त्यांनी चुन्याची डबी काढून माझ्यापुढे धरली. तिथं गर्दीत त्यांच्या सौभाग्यवतीही उभ्या होत्या. सुभेदारांनी तंबाखू सोडून बरोबर एक वर्ष झालं होतं. तुळशीवर हात ठेवून सोडली होती. गांधीलमाशी दोनदा डसते आणि उडून तरी जाते. सुभेदारांना अजून रोज संध्याकाळी डसणं चालू आहे, भिंतीतून मला ऐकू येतं.

आक्का, त्या न्हाणीघरात पडल्या पडल्या, कान पेटलेला, मान जळणारी, वर ओली वाकळ, तेव्हा मला तुझीच आठवण झाली. मी आठ वर्षांचा, तू तेरा. आपल्या खटावच्या मळ्यात बांधावरच्या बोरीला मोहोळ होतं, आणि तू नको म्हणत असताना मी त्याला ढेकूळ मारलं. माशी पापणीवर डसली. तू नखानं काटा काढलास, मग ‘डोळं झाक, बगू नगंस’ म्हणून बांधाच्या पलीकडे पळालीस आणि कसलंतरी पान आणलंस. तुळस, आंबेहळद आणि ते तिसरं पान, तिन्ही दातानं बारीक चावून माझ्या पापणीवर लावलंस आणि वरून तळहात दाबून धरलास. गावच्या बाळाबाई सुईणीनं तुला ते औषध दिलं होतं आणि पान कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी बोंबलत होतो. तू माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि म्हणालीस, “गप. ती माशी काटा देऊन मेली बग. तू हाईस न्हवं अजून?” मला त्या माशीची एवढी दया आली की मी रडायचा राहिलो. दिवस मावळेपर्यंत तू तशीच बसलीस, हात न काढता, पायाला मुंग्या आल्या तरी. आराम त्या पानानं पडला की तळहातानं, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं तर तू शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि फोनवर दाजी.

असो. सहा वाजता सूनबाई, भार्गवी, कामावरून आली. तिची लॅबमधली नोकरी तुला माहीतच आहे. दिवसभर लोकांचं रक्त काचेखाली बघायचं, त्यामुळे तिला घरी आल्यावरही सगळं काचेखालचंच दिसतं. (हे मी वाईट म्हणून लिहीत नाही. गुणाची पोर आहे.) तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुभेदारांच्या नाकाकडे बघितलं आणि सरळ मला स्कूटरवर मागे बसवलं. पद्मा मागून रिक्षानं आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझी मान बघून पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, ह्याच्याखाली कातडी कुठं सुरू होते?” मग नर्सनं कोमट पाणी आणि साबण घेतला आणि धुवायला सुरुवात केली. चुना निघाला, कांदा निघाला, आमचूर निघाला, कुलपाचा गंज निघाला, आणि सगळ्यांत शेवटी पद्माची हळद निघाली.

मी सहज दाराकडे बघितलं. पद्मा तिथं उभी होती आणि त्या पिवळ्या पाण्याकडे बघत होती. ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, “घरचंच तूप होतं.” नर्स चुकत नव्हती. डॉक्टरीणबाईही चुकत नव्हत्या. त्या म्हणाल्या, असलं काही झालं तर आधी साबणानं धुवायचं, वर काही लावायचं नाही, आणि गांधीलमाशी डसून तोंड सुजलं किंवा दम लागला तर चुना शोधत न बसता तडक दवाखाना गाठायचा. हे सगळं बरोबरच आहे. पण पद्माचा तो चेहरा मी ओळखला. तो मी आधी एकदा बघितला होता. तेव्हा तो तुझा होता.

(दाजी, इथून पुढे मोठ्यानं वाचा. सावकाश वाचा. चष्मा पुसून घ्या हवं तर.)

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी वल्लरीच्या ओठाच्या कडेला असेच फोड आले होते. चार वर्षांची होती. तू सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतंस, औषध उपाशी तोंडानंच चावावं लागतं म्हणून. गोडोलीच्या माळावर हिंडून पान शोधून आणलंस. चावून लावलंस, आणि पोरगी तुझ्या मांडीवर गप झाली. भार्गवी आली, तिनं बघितलं, पोरीला उचललं, बेसिनपाशी नेलं आणि साबण लावून दोनदा धुतलं. तुझ्यासमोर. तू मांडी तशीच घालून बसली होतीस, पोर उचलल्यावरसुद्धा. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, धरून होतो. मग तू मला विचारलंस, “भाऊसो, गाडी कितीला हाय रं?” आणि आक्का, मी तुला सांगितलं. साडेपाचला आहे म्हणालो. कराडवरून जाते म्हणालो. विट्याला बदलावी लागेल आणि विट्याला दहा मिनिटांत जोडगाडी आहे, हेसुद्धा सांगितलं. तुला गाडीची वेळ नको होती, हे मला स्टँडवरून परत येताना कळलं. कुणी काही विचारलं की विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, ही जन्मभराची खोड, ती नेमकी तिथं नडली. पेपर खाली ठेवून मी फक्त ‘बस खाली’ म्हणालो असतो तरी तू थांबली असतीस. मी तेवढंही म्हणालो नाही. भार्गवीनं औषध धुतलं, पण तुला घालवलं मी. हे तीन वर्षं माझ्या घशाशी अडकलं होतं, ते आज लिहिलं.

त्यानंतर दर वर्षी तुला आणायला आटपाडीला यावं असं पितृपक्षात मनात येतं. मग वाटतं, मी दारात उभा राहिलो आणि तू ‘बरं हाय’ म्हणून आत निघून गेलीस तर? म्हणून मी फोनवर आडून आडून सुचवतो. मागच्या वर्षी मी तुला म्हणालो नव्हतो का, की आता बायकांना एसटीचं अर्धंच तिकीट पडतं? तू ‘व्हय’ म्हणालीस. त्याच्या आदल्या वर्षी सांगितलं की विट्याचा रस्ता मोठा झाला. तू म्हणालीस, ‘झाला आसंल.’ माझ्या परीनं मी बरंच बोललो होतो.

डॉक्टरीणबाईंनी जाता जाता आणखी एक गंमत सांगितली. म्हणाल्या, हे कातिणीचं नाहीच. एक बारीक किडा असतो, तो अंगावर चिरडला की असा पट्टा उठतो. म्हणजे कातीण बिचारी आपल्या वाटेनं निघून गेली होती, आणि मी तिच्या नावानं अख्खी बिल्डिंग गोळा केली. वल्लरीचं त्या वेळचंही बहुधा तेच असणार. वल्लरी आता दुसरीत आहे. माझ्या मानेला मलम लावताना ती मध्येच म्हणाली, आक्काआजीनं मला लावलं होतं ते गार गार होतं. एवढंच म्हणाली आणि खेळायला गेली. भार्गवी तिथंच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकच चादर चार वेळा घडी घालून उलगडली. मी पेपर उचलला. मग ठेवला खाली.

यंदाच्या वाकळा पद्मानं आणि मी मिळून धुतल्या. ती बडवत होती, मी पिळत होतो. आवाज काही खालपर्यंत गेला नाही. आम्हा दोघांच्या हाताला तो जोर नाही. तुला उगाच त्रास द्यावा असा माझ्या लिहिण्याचा उद्देश नाही. तुझी म्हैस आहे, डाळिंबं आहेत, दाजींचं पथ्यपाणी आहे. सगळं टाकून कुणी निघावं असं मी म्हणणार नाही. फक्त झालेली हकिकत कळावी, म्हणून लिहिलं. वडीलधाऱ्यांच्या कानावर घातलेलं बरं.

लहानथोरांस यथायोग्य सांगणे. तुझ्या पायावर डोकं ठेवायचं मान बरी झाल्यावर.

तुझा,
भाऊसो

ता. क. मुख्य काम राहिलंच. त्या तिसऱ्या पानाचं नाव दाजींकडून एका चिठ्ठीवर लिहून पाठवावं. बाळाबाईला जाऊन पन्नास वर्षं झाली, आता सांगायला हरकत नसावी. मानेची आग अजून थांबत नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते खरं नाही. मान बुधवारीच बरी झाली. वाकतेसुद्धा. सुरुवातीला नमस्काराचं जे लिहिलं तेही त्यामुळे खोटं. पण तेवढं पान परत लिहायचा कंटाळा आला. पानाचं नाव नको. नुसतं नाव घेऊन मी काय करू.

ता. क. तिसरा. आतल्या खोलीतला वल्लरीचा अभ्यासाचा टेबल हॉलमध्ये हलवला आहे. खिडकीकडची कॉट मोकळी केली, तिच्यावर धुतलेली वाकळ घातली आहे. गुडघ्याला बरी म्हणून कॉटची उंचीही सुतारानं चार बोटं कमी करून दिली. सहज कळवलं.

ता. क. (हे अक्षर माझं, भार्गवीचं.) आत्या, नमस्कार. बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी ते फोडून वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. एवढी पानं, तीन ता. क., आणि तुम्हाला ‘ये’ असं त्यात एकदाही लिहिलेलं नाही. मागच्या दिवाळीत मी तुम्हाला फोन केला होता, ते घरात कुणालाच माहीत नाही. तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, “आवशीद देणाऱ्या बाईनं बोलावल्याबिगर कुणाच्या दारात पाय ठिवायचा नसतो बाई. मग त्ये भावाचं दार का असंना.” त्यावर ‘मग या’ एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्या दिवशी वल्लरीचं तोंड मी धुतलं. तशी वेळ आली तर परतही धुईन. पण तुम्ही दिवसभर उपाशी राहिला होता आणि मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते फार चुकलं. हे फोनवर सांगवत नव्हतं आणि पोस्टानं पाठवण्यासारखंही नाही. म्हणून रजा टाकली आणि पत्र स्वतःच घेऊन निघाले. आतोबा तुम्हाला हे वाचून दाखवत असतील तेव्हा मी तुमच्या पायरीच्या खाली उभी असेन. आत्या, घरी चला. मी न्यायला आलेय. पण आधी तुम्ही मला ‘ये’ म्हणा, मगच मी चपला काढीन.